फिनिशिंग नसलेले चित्र : प्रस्तावना

पुस्तकातले पहिले रंगीत पान उघडले की बहुतेकांना वाटेल, हे चित्र अजून व्हायचे आहे. राखाडी-निळ्या धुक्यात एक नारिंगी टिकली. तिच्याखाली पाण्यावर ओढलेले काही नारिंगी फटकारे. दोन-तीन होड्यांचे काळपट आकार, आणि मागे डोलकाठ्या, धुराडी, यारी यांचा नुसता भास. होडीतल्या माणसाला तोंड नाही, बंदराला काठ नाही. काही ठिकाणी रंग इतका पातळ लावला आहे की खालचा थर दिसतो. एखाद्या पोराने असे चित्र वहीत काढून आणले असते, तर ड्रॉइंगच्या मास्तरांनी ‘आधी फिनिशिंग कर, मग दाखव’ म्हणून परत पाठवले असते.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे हे तैलचित्र, ‘इंप्रेशन, सोलेय लव्हाँ’. मराठीत ‘ठसा : सूर्योदय’ म्हणता येईल. उंची 48 सेंटिमीटर, रुंदी 63. एवढ्याशा कॅनव्हासवरून इंप्रेशनिस्ट चळवळीला नाव पडले. त्या नावाचा किस्सा कलेच्या इतिहासात इतक्यांदा सांगून झाला आहे की तो आणखी एकदा सांगायला कुणी पुस्तक काढू नये. हे पुस्तक काढावे असे लेखकाला वाटले त्याचे कारण दुसरे आहे. ते मादन हिप्परगा, आळंद, अक्कलकोट, उमरगा या पट्ट्यातल्या वाचकासाठी लिहिले आहे. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, आळंदच्या उरुसात दख्खनी, असे सहज बोलणारा हा वाचक. त्याने पॅरिसचे संग्रहालय पाहिलेले नसते, पण चित्रे भरपूर पाहिलेली असतात. कुठे पाहिली, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

आडत दुकानात, किराणा दुकानात, देवघराशेजारी, दिनदर्शिकेवर. तिथे त्याने शंकर-पार्वती, राम-सीता, दुष्यंत-शकुंतला पाहिले. या चित्रांतले अंग गोल आणि गुळगुळीत असते, दागिन्याचा मणी न मणी मोजता येतो, आणि ब्रश कुठे फिरला याचा मागमूस नसतो. प्रकाश कुठून येतो हेही सांगता येत नाही. देवाचे चित्र म्हटल्यावर तो देवाकडूनच येत असावा. या तऱ्हेचा एक फार मोठा उस्ताद आपल्याच भागाचा. 1916 साली गुलबर्ग्यात जन्मलेले एस. एम. पंडित मुंबईला गेले, परदेशी सिनेमांच्या जाहिराती रंगवल्या, बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठे केली, आणि नंतर पौराणिक विषयांवरची कॅलेंडरची चित्रे करून घराघरांत पोचले. 1993 साली ते गेले. चित्रकलेच्या पुस्तकांत त्यांना जागा कमी मिळाली. ती त्यांची उणीव नाही, पुस्तकांची आहे. या पट्ट्यातल्या माणसाला चित्र कसे असावे हे ज्यांनी शिकवले, त्यांत पंडितांचा वाटा कुठल्याही कलाशाळेपेक्षा मोठा आहे.

आता या कॅलेंडरची वंशावळ मागे नेत गेलो, तर गंमत दिसते. पंडितांच्या मागे राजा रविवर्मा उभे आहेत. 1894 साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती देशभर पोचल्या. रविवर्म्यांच्या मागे उभी आहे युरोपातली अकादमीची चित्रकला. तीत रेखांकन पक्के, सावल्या तपकिरी, पृष्ठभाग काचेसारखा, आणि विषय पुराणातला नाहीतर इतिहासातला. पॅरिसमध्ये ‘सालोन’ नावाचे सरकारी वार्षिक प्रदर्शन याच तऱ्हेच्या चित्रांचे भरे. ते जे परीक्षक चालवत त्यांनी मोनेला 1869 साली नाकारले आणि 1870 सालीही नाकारले. म्हणजे मोनेचे चित्र पाहून पॅरिसचा सुशिक्षित माणूस बिचकला आणि आपल्याकडचा वाचक बिचकतो, ते एकाच शाळेत शिकल्यामुळे. आपल्याला ती शाळा कॅलेंडरच्या रूपाने भेटली एवढेच. त्यामुळे पहिल्यांदा हे चित्र अर्धवट वाटले, तर वाचकाने स्वतःला अडाणी समजू नये. तुमची नजर तयार आहे. ती एका विशिष्ट तऱ्हेच्या चित्रासाठी तयार आहे.

मग ही दुसरी तऱ्हा कुठून निघाली? त्यासाठी हे चित्र काढले त्या 1872 च्या आधीची दोन वर्षे पाहावी लागतात, आणि ती फ्रान्सला फार वाईट गेली. जुलै 1870 मध्ये प्रशियाशी युद्ध सुरू झाले आणि फ्रान्स हरला. मोनेचा जिवलग मित्र फ्रेदेरिक बाझी, स्वतः चांगला चित्रकार, नोव्हेंबरमध्ये लढाईत मारला गेला. मोने बायको-मुलाला घेऊन लंडनला निघून गेला. तिथे त्याने टर्नर आणि कॉन्स्टेबल यांची चित्रे पाहिली, थेम्स नदीवरचे धुके रंगवले. तिथेच पॉल द्युराँ-र्‍युएल हा चित्रांचा व्यापारी त्याला भेटला, जो पुढे मोने आणि त्याच्या चित्रकार मित्रांचा पोशिंदा ठरला. इकडे पॅरिसमध्ये मार्च 1871 मध्ये कम्यूनचे बंड झाले आणि मे महिन्यात ते रक्तात बुडवले गेले. जर्मनीशी झालेल्या तहात फ्रान्सला पाचशे कोटी फ्रँक खंडणी द्यावी लागली. शेवटचा जर्मन शिपाई सप्टेंबर 1873 मध्ये देशाबाहेर गेला. म्हणजे हे चित्र काढले तेव्हा फ्रान्सच्या काही भागांत परकी फौज बसलेली होती.

चित्रातले बंदर ल आव्रचे. मोनेचा जन्म पॅरिसचा, 1840 चा, पण लहानपण गेले ल आव्रला. युजेन बूदँ या चित्रकाराने त्याला खोलीबाहेर, आभाळाखाली बसून रंगवायला तिथेच शिकवले. ल आव्र हे अटलांटिकपलीकडच्या व्यापाराचे बंदर, कापसाचे आणि कॉफीचे. त्या वर्षांत तिथे गोद्या वाढवण्याची कामे चालू होती. चित्रातल्या यारी आणि धुराडी त्याचीच खूण. काही अभ्यासक म्हणतात, हरलेला देश पुन्हा कामाला लागतो आहे, हेच मोनेला दाखवायचे होते. मला हे अर्धेच पटते. देशप्रेमाचे चित्र काढायचे असते तर त्याने यारी इतक्या पुसट केल्या नसत्या. पण एक खरे, की त्याने जुनी चर्च सोडली, डोंगर सोडले, आणि धूर ओकणारे बंदर निवडले. निसर्गचित्रात धुराडे घ्यायचे नसते, हा संकेत आपल्या शाळांतून अजूनही पाळला जातो. गावचे देखावे काढायला सांगितले की पोरे झोपडी, नारळ आणि दोन डोंगरांमधून वर येणारा सूर्य काढतात. हिप्परग्यात नारळ किती आणि डोंगर कुठे, हे कुणी विचारत नाही.

काळाचा अंदाज यावा म्हणून आपल्या भागातली एक नोंद सांगतो. मुंबईहून सोलापूर, गुलबर्ग्यावरून आलेला लोहमार्ग आणि मद्रासकडून आलेला लोहमार्ग रायचूरला एकमेकांना भेटले ते 1871 साली. मोनेने चित्र काढले त्याच्या आदल्या वर्षी. वाफेच्या इंजिनाचा धूर तुरीच्या शिवारांवरून जायला लागला होता. तो कुणी रंगवला नाही.

रंग कुठेही घेऊन जाता यावा ही सोय तेव्हा नवी होती. त्याआधी घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. तो लवकर वाळे आणि पिशवी फुटे. 1841 साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची दाबायची ट्यूब काढली आणि चित्रकार दिवसदिवस बाहेर बसू लागला. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, क्रोम पिवळा असे कारखान्यात बनलेले झगझगीत रंग त्याच शतकात आले. शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या सरकारी विणकामशाळेत रंगाई खात्याचा प्रमुख होता. धागे फिके दिसतात, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा रंगाईत खोट निघाली नाही. धाग्याचा रंग शेजारच्या धाग्यामुळे बदलून दिसत होता. नारिंगीशेजारी निळा ठेवला की दोन्ही पेटतात. 1839 साली त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. इरकल विणणाऱ्याला काठ आणि अंग यांचा मेळ बसवताना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चित्रकारांना ते सिद्धांत म्हणून मिळाले.

आता चित्राच्या मध्यावर, म्हणजे सूर्यावर येऊ. या चित्राचे सगळे मर्म त्या टिकलीत आहे, आणि ते मोबाइलवर तपासता येते. पहिल्या रंगीत पानाचा फोटो काढा आणि त्यातला रंग घालवून तो कृष्णधवल करा. सूर्य जवळजवळ नाहीसा होईल. पाण्यावरचे फटकारे थोडेफार राहतील, पण सूर्य आभाळात विरघळेल. कारण मोनेने सूर्य भोवतालच्या आभाळाइतकाच उजळ ठेवला आहे, जास्त नाही. फरक आहे तो फक्त रंगाचा. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदूविज्ञानाच्या संशोधकांनी याचा उलगडा केला. वस्तू कुठे आहे, हलते का, हे ओळखणारा मेंदूतला भाग रंग पाहत नाही, उजेड-काळोख पाहतो. रंग ओळखणारा भाग निराळा. या सूर्याच्या बाबतीत एक भाग म्हणतो, तिथे काहीतरी पेटते आहे. दुसरा म्हणतो, तिथे काहीच नाही. म्हणून तो जागेवर ठरत नाही, थरथरतो. कॅलेंडरवाला इथे पांढराशुभ्र गोळा काढून भोवती किरण मारतो. ते जास्त उजळ होते आणि कमी तापते.

पॅरिसच्या टीकाकारांना हा सूर्य खोटा वाटला असेल. हिप्परग्याच्या शेतकऱ्याला वाटू नये. कार्तिक-मार्गशीर्षात तूर फुलावर असते तेव्हा या भागात एखाद्या पहाटे धुई उतरते. शेतकरी बांधावर उभा राहून फुलगळीच्या काळजीने आभाळाकडे बघतो, आणि त्या दिवशी सूर्याकडे डोळे न मिटता बघता येते. तो नारिंगी असतो, वाटोळा असतो, आणि त्याला तेज नसते. बांध कुठे संपला, आभाळ कुठे लागले, कळत नाही. शेजारच्या शिवारातला माणूस काळी रेघ होऊन दिसतो, त्याला नाक-डोळे नसतात. मोनेने नेमके एवढेच काढले. त्याने बंदर अर्धवट काढलेले नाही. त्या घटकेला बंदराचे जेवढे दिसत होते तेवढे पुरते काढले आहे. होडीत बसलेल्याच्या कोटाची बटणे त्याला माहीत असतील, पण दिसत नव्हती. माहीत असलेले आणि दिसणारे यांतले फक्त दिसणारे घ्यायचे, हा या चित्रकारांचा सगळा नेम. त्याचा शिस्तीशी संबंध आहे, घाईशी नाही.

ती घटका कोणती, याचाही शोध लागला आहे, आणि तो मला कुठल्याही सौंदर्यचर्चेपेक्षा रंजक वाटतो. चित्रावर सहीशेजारी 72 हा आकडा आहे, पण तो खरा की नंतर घातलेला, यावर वाद होता. सूर्य उगवतो आहे की मावळतो आहे, इथपर्यंत शंका निघाल्या. 2014 साली टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी जुने नकाशे आणि फोटो घेऊन मोने ज्या हॉटेलच्या खिडकीशी होता ती जागा धरली. खिडकी आग्नेयेकडे पाहते, म्हणजे उगवतीच. सूर्य क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर आहे, म्हणजे उगवून वीस-तीस मिनिटे झालेली. मोठी जहाजे गोदीच्या दारातून भरतीलाच आत-बाहेर करत, आणि चित्रात दार उघडे दिसते, म्हणजे भरती. धूर एका बाजूला कलला आहे, त्यावरून वारा. मग त्या वर्षांच्या हवामानाच्या नोंदी चाळून पावसाचे दिवस वगळले. उरलेल्यांत सगळ्यांत संभवनीय ठरला 13 नोव्हेंबर 1872, सकाळी 7 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास. ज्या चित्राला लोक धूसर म्हणाले त्यातून पंचांग काढता आले. मास्तरांनी पास केलेल्या कुठल्या निसर्गचित्रातून वेळ काढता येईल, सांगा.

नावाचा किस्सा आता थोडक्यात. सालोनच्या दारात ताटकळत राहण्यापेक्षा मोने, देगा, रन्वार, पिसारो, सिस्ले, सेझान, बेर्त मोरिझो अशा तीसएक जणांनी भागीदारी मंडळी काढली आणि 15 एप्रिल 1874 पासून महिनाभर स्वतःचे प्रदर्शन भरवले. जागा होती नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराचा रिकामा स्टुडिओ. कॅटलॉग करणाऱ्याने या चित्राला काय म्हणू, असे विचारले तेव्हा मोनेने ‘इंप्रेशन’ लिहायला सांगितले, कारण हा ल आव्रचा देखावा म्हणून खपणार नव्हता. 25 एप्रिलला लुई लर्वा याने ‘ल शारिव्हारी’ या विनोदी पत्रात खिल्ली उडवली. भिंतीवर चिकटवायचा कच्चा कागदही यापेक्षा पुरा झालेला असतो, असा त्याचा सूर. त्याच्या लेखाच्या मथळ्यातून ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव चिकटले. प्रदर्शनाला साडेतीन हजारांच्या आसपास लोक आले. मंडळी बुडाली आणि वर्षअखेर मोडली. प्रत्येक भागीदाराच्या डोक्यावर 184 फ्रँकांहून अधिक देणे निघाले. हे चित्र एर्नेस्त ओशदे या कापड व्यापाऱ्याने 800 फ्रँकांना घेतले. त्याचे दिवाळे निघाल्यावर 1878 च्या लिलावात ते 210 फ्रँकांना गेले, आणि घेणारे होते रुमानियाहून आलेले होमिओपथीचे डॉक्टर, जॉर्ज द बेलिओ. त्यांच्या मुलीने ते पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयाला दिले. 1985 साली दरोडेखोरांनी भरदिवसा ते पळवले. 1990 साली कॉर्सिका बेटावर सापडले.

मराठी मुलखात याच काळात काय चालले होते? 1872 सालीच मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला गेले. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्याचे ते काम 1885 पर्यंत चालले. इकडे मशालींनी काळवंडलेल्या भिंतींवरच्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या रेषा पोरे जपून उतरवत होती, तिकडे मोने समोरची अर्धी घटका पकडत होता. दोघांच्याही कामात डोळ्यांची परीक्षा होती, पण दिशा उलट.

इंप्रेशनिस्टांच्या सर्वांत जवळचे आपले चित्रकार म्हणजे कोल्हापूरचे अबालाल रहिमान. जे. जे. मध्ये शिकून ते गावी परतले. राजर्षी शाहूंनी त्यांना दरबारी चित्रकार केले. पण त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थ तळ्याच्या काठी. तेच तळे, तीच झाडे, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली. मोनेनेही 1890 नंतर गवताच्या गंज्या आणि रूआँच्या चर्चचा दर्शनी भाग असाच तासातासाच्या उजेडात रंगवला. अबालाल पॅरिसला गेलेले नव्हते. त्यांना ‘महाराष्ट्राचा इंप्रेशनिस्ट’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ती तितकीशी आवडत नाही. आपल्या माणसाला परक्याच्या रांगेत उभे केल्याशिवाय आपल्याला त्याची उंची कळत नाही, असे तीतून दिसते. त्यांच्याकडे शेव्ह्रलचा ग्रंथ नव्हता, नादारचा स्टुडिओ नव्हता, द्युराँ-र्‍युएलसारखा व्यापारी तर नव्हताच. रंग संपले की पाना-फुलांपासून घरी रंग करत, असे सांगतात. 1922 साली शाहू महाराज गेल्यावर दुःखाने त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात सोडली, अशी आख्यायिका कोल्हापुरात अजून ऐकू येते. 1931 साली ते गरिबीत वारले. बाबूराव पेंटरांपासून पुढची कोल्हापूरची परंपरा त्यांना गुरुस्थानी मानते.

इंप्रेशनिस्टांच्या वाटेची आपल्याकडची दुसरी जागा इंदूरची. होळकरांच्या या शहरात दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी 1927 साली कलाशाळा काढली आणि पोरांना बाहेर उन्हात बसवून जाड, मोकळ्या फटकाऱ्यांनी रंगवायला लावले. ना. श्री. बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन या शाळेतले. पुढे मुंबईत जे. जे. चे संचालक चार्ल्स जेरार्ड यांनी नव्या युरोपीय वाटा शाळेत येऊ दिल्या, तोवर पॅरिसमध्ये त्या जुन्या झाल्या होत्या. पुस्तकाच्या लेखकाने आपल्याकडच्या या चित्रकारांना दोन प्रकरणे दिली आहेत. मी असतो तर इंदूरला तिसरे दिले असते.

छपाईविषयी एक सूचना. पुस्तकातली छपाई कितीही चांगली असली तरी त्या नारिंगीचे काय होईल सांगता येत नाही. तो लाल झाला तर सूर्य गडद होऊन बसतो, पिवळा झाला तर नको तितका उजळतो. मूळ आकार समजावा म्हणून भिंतीवर 48 गुणिले 63 सेंटिमीटरची चौकट पेन्सिलीने आखून बघावी. आणि मूळच बघायचे तर पॅरिसची वाट धरण्याआधी कोल्हापूर आहे. तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात अबालाल रहिमानांची चित्रे लावलेली आहेत. त्यांच्यासमोर गेल्यावर झाडाखालची सावली आधी पाहावी, आणि तिच्यात काळा रंग किती वापरला आहे ते जवळ जाऊन शोधावे.